टेंभुर्णी चालू आहे

६ फेब्रुवारी

आले एकदाची सोलापूरला. एसटीत टेंभुर्णीपासून मोडनिंबपर्यंत उभी होते, मग एका धडधाकट बाप्याला उठवलं आणि बसले. तो म्हणाला, आजी वय किती तुमचं. म्हणलं, तुझं उठण्याइतकं कमी आहे, तेवढं पुरे. सगळी एसटी हसली. तो मोहोळला उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत होता.

संघी स्टँडवर घ्यायला आली होती. संघी म्हणजे संघप्रिया, माझ्या प्रदीपची थोरली. पुण्याच्या कंपनीचं काम हितं घरी बसून करते. पोरगी वेळेवर जेवत नाही म्हणून प्रदीपनं मला धाडलं. मी घरातून हलावं म्हणून सुनेनं पिशव्या भरून दिल्या. दोघांचं काम झालं.

घर अशोक चौकाच्या मागं, दोन खोल्या. एकीत स्वैपाक, एकीत तिचं यंत्र आणि माझी कॉट. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. मागच्या शेडात टॉवेलचे माग चालतात, सकाळी सुरू झाले की खट खट खट. संघी म्हणाली, पहिले दोन दिवस त्रास होईल. मला कसला त्रास, घोरणाऱ्या नवऱ्याशेजारी उभा जन्म काढला. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं म्हणे. ते मात्र ऐकून बरं वाटलं नाही.

शेंगा आणल्या आहेत, आणि खलबत्ता. त्याच्या वजनानं पिशवी फाटली. पण मिक्सरची चटणी म्हणजे भुसा. चटणी कुटायची असते, तेल सुटेपर्यंत.

ही वही संघीनं दिली. चौथी झालेली बाई मी, हाताला वळण राहावं म्हणून रोज लिही म्हणते. लिहीन. ती दिवसभर कानात बोळे घालून बसते, मी बोलू कुणाशी.

८ फेब्रुवारी

आज विचारलंच, तू करतेस काय एवढं. तिनं खुर्ची ओढून मला शेजारी बसवलं.

एका यंत्राच्या पोटात दुसरी यंत्रं वसवायची, हे तिचं काम. व्हर्च्युअल मशीन म्हणतात. बाहेरून डबा एकच, आत आठ-दहा, आणि आतल्या प्रत्येकाला वाटतं की मीच खरं, मीच पुरं. पिठाचे गोळे तोडावेत तशी ही त्यांना जागा तोडून देते, एवढी तुला, एवढी तुला. आतल्याचं घड्याळ वेगळं. बाहेरून थांबवलं तर आतल्याला पत्ताच लागत नाही थांबलो म्हणून. म्हणलं, मग मेलेलं काय आणि थांबलेलं काय. ती म्हणाली, थांबलेलं परत चालू करता येतं, आजी.

ह्या सगळ्याच्या खाली लिनक्स म्हणून एक आहे. ते फुकट. त्याला मालक नाही, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलं, कुणीही घ्यावं, कुणीही उघडून बघावं. म्हणलं, आमच्या गावची विहीर अशी असती तर माझ्या आईची अर्धी हयात पाण्यापायी गेली नसती. मग मीच म्हणलं, बरं, पुढं सांग.

यंत्रांना तिनं गावांची नावं दिली आहेत. माढा, वेळापूर, मोहोळ. पडद्यावर डाव्या अंगाला ओळीनं दिसतात, प्रत्येकाच्या खाली लिहिलेलं असतं, चालू, नाहीतर थांबवलेलं, नाहीतर बंद. माझ्यासाठी माझ्यासमोर एक नवं वसवलं, त्याचं नाव टेंभुर्णी. रोज वहीतल्या दोन ओळी त्यात टाईप करायच्या. म्हणाली, यात तू काहीही मोड, बाकीच्यांना धक्का लागत नाही.

दर संध्याकाळी ती सगळ्यांचा फोटो काढते. डोळ्यानं बघायचा फोटो नव्हे. त्या घडीला आत जे जसं आहे ते तसंच धरून ठेवायचं. उद्या बिघडलं तर फोटोवर परत जायचं, मधलं काही झालंच नाही. माणसाला ही सोय नाही ते बरं, नाहीतर आमच्या सुनेनं सगळं लग्नाच्या आदल्या दिवसावर नेलं असतं.

१० फेब्रुवारी

झाडूफरशीला अनसूया येते. तेलुगू बाई, पन्नाशीची. आधी विड्या वळायची, बोटं अजून तशीच वळलेली. मला अव्वा म्हणते, म्हणजे आजी. झाडून झालं की यंत्राच्या डब्याला हात लावून कपाळाला लावते. म्हणलं, अनसूया, वीज गेली की तो मरतो, त्याला काय पाया पडतेस. ती म्हणाली, पगार थांबला की मी पण मरते अव्वा, म्हणून तर पडते. जीभ माझ्यासारखीच आहे. जमेल आमचं.

तिनं सांगितलं, मागच्या शेडात भर दुपारी एक माग आपोआप चालतो, मेलेला विणकर येऊन बसतो. मी हसले. माझ्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव भीमेत सोडले, भुतं पण त्यांच्याबरोबर वाहून गेली. टेंभुर्णीत कुणाच्या अंगात आलं की बायका मला बोलवायच्या, मी जाऊन दोन शब्द सुनावले की अंगातलं पळायचं. अनसूया म्हणाली, तुमच्या जिभेला भूत पण भितं. खरं आहे.

संघीनं तिला ओलं फडकं वायरींजवळ नेऊ नको म्हणून दोनदा सांगितलं आहे. आज पण सांगितलं. अनसूयानं मान हलवली आणि संघीची पाठ फिरल्यावर मला डोळा मारला.

१३ फेब्रुवारी

टाईप करायला जमायला लागलं. एका बोटानं, पण जमतं.

एक घोळ झाला. संघीनं कचेरीतल्या पोरींना माझ्या चटणीचं सांगितलं. आजी हातानं कुटते, मिक्सरला शिवत पण नाही, असं तिनं त्यांना फोनवर सांगितलं, मी आतून ऐकत होते आणि छाती फुगली होती. आता तीन बरण्या पाठवायच्या आहेत, उद्या माणूस पुण्याला चालला आहे. मनगट तर परवापासून सुजलं आहे. कुणाला सांगितलं नाही. म्हातारीचं मनगट सुजलं यात सांगण्यासारखं काय.

संघीच्या डोक्यावर पण ओझं आहे. कुठल्याशा कॉलेजच्या पोरांना शिकायला सगळी यंत्रं वसवून द्यायची, पुढच्या आठवड्यात दाखवायची. ते झालं तर नोकरी कायमची होईल.

१४ फेब्रुवारी

लाज वाटते लिहायला. पण दुसऱ्या कुणाला सांगणार.

संघी सकाळी बाहेर गेली. माढा का कुठलं ते भरायला लावून गेली होती, म्हणाली, दुपारपर्यंत चालेल, याला काही करू नको. अनसूया उशिरा आली, झाडून-पुसून गेली. मग मी खलबत्ता घेऊन बसले. चार घाव घातले आणि मनगटातून कळ थेट खांद्यात गेली.

मिक्सर काढला. ओट्याजवळचं बटण ठिणग्या मारतं, म्हणून मिक्सर यंत्राच्या खोलीत आणला. बोर्डात एकही भोक रिकामं नव्हतं. त्यातली एक जाड काळी पिन उपसली. डब्याचा घूं आवाज बंद झाला. मला वाटलं, असेल. तिन्ही बरण्यांची चटणी झाली, वर घरची एक. पिन परत खोचली. मिक्सर धुतला, पुसला, जागेवर ठेवला. खलबत्त्यात मूठभर चटणी टाकून तो मुद्दाम खरकटा केला.

हे शेवटचं मी का लिहिलं कुणास ठाऊक. पण सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

संघी आली, बघितलं, आणि पांढरी पडली. बॅटरीचा डबा मेलेला होता, नवा आणायचा राहिला होता, त्यामुळं पिन निघाल्याबरोबर सगळं भरता-भरता मेलं. माढा उठेना. वेळापूर अर्धं. टेंभुर्णी पण उघडेना. माढ्याचे मागचे फोटो पण उघडेनात, सगळा आठवडा पाण्यात. ती रडली नाही, आमच्यात कुणी लवकर रडत नाही. म्हणाली, कशाला हात लावायच्या आधी आहे तसा फोटो काढून ठेवते. काढला. मग खुर्ची फिरवून माझ्याकडं बघितलं.

“आजी, हितली पिन कुणी काढली होती का?”

खलबत्ता तिच्या नजरेसमोर होता. खरकटा.

“अनसूया झाडत होती तितं,” मी म्हणलं.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. झाडत होतीच की.

१५ फेब्रुवारी

संघीनं अनसूयाला काढलं. आवाज चढवला नाही, महिन्याचे पुरे पैसे दिले. दोनदा सांगितलं होतं, आता माझ्यानं धोका घेणं होत नाही, म्हणाली. अनसूया आधी हसली, चेष्टा वाटली तिला. मग म्हणाली, मी पिनेला शिवले पण नाही. मग माझ्याकडं बोट केलं.

“अव्वाला विचार की. अव्वा होती घरात.”

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मी मेथी निवडत होते. काडी मोडली, पानं परातीत टाकली, दुसरी काडी घेतली. म्हणलं, मला यंत्रातलं काय कळतं बाई.

अनसूया उभी राहिली थोडी. भांडेल वाटलं होतं. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती पदर खोचून निघून गेली, जाताना डब्याला हात लावला नाही.

मी पोरगी असताना टेंभुर्णीत एका घरी शेण काढायला जायची. त्यांचा पितळी तांब्या हरवला. घरधनीण म्हणाली, ती आली होती बाई सकाळी. एवढंच म्हणाली. पुढं तांब्या त्यांच्याच परसात गवसला, पण मला परत बोलावलं नाही. त्या बाईला मी आजवर शिव्या देत आले. काल संध्याकाळी तिचीच जीभ माझ्या तोंडात होती.

१६ फेब्रुवारी

संघीनं टेंभुर्णी तेरा तारखेच्या फोटोवर नेऊन चालू करून दिलं. माझ्याशी नीट बोलते, दुधात हळद घालून देते, मनगट दिसलं तिला. खलबत्त्यानं सुजलं म्हणाली. मी दूध पिऊन टाकलं.

ती नाष्ट्याचं आणायला गेली तेव्हा मी टेंभुर्णीत बसले. आत तेरा तारखेपर्यंतच होतं. खाली कोरं. मी एका बोटानं टाईप केलं: “१४ फेब्रुवारी. चटणी मिक्सरात केली. पिन मी काढली. संघी आली तेव्हा तिला खरं सांगितलं.”

वाचलं. डोक्यावरची पाटी उतरल्यासारखं झालं. मग लई लाज वाटली. तोंडानं सांगायचं ते यंत्राच्या पोटात पुरून ठेवलं, आणि हलकं वाटून घेतलं. पुसणार होते. पुसायचं कसं ते आठवेना. असंही नाही, आठवत होतं.

उद्या सांगेन संघीला.

१८ फेब्रुवारी

सांगितलं नाही. जेवताना सांगणार होते तर तिचा फोन आला.

आज टेंभुर्णी उघडलं. मी लिहिलेल्या ओळींच्या खाली आणखी ओळी आहेत.

“१५ फेब्रुवारी. संघी रागावली. सबंध सकाळ बोलली नाही. दुपारी म्हणाली, आजी, मिक्सर होता तर सांगायचं की, मी काय फाशी देणार होते. अनसूया आली, तिला पण सांगितलं. पोट धरून हसली. म्हणाली, अव्वा, खलबत्ता खरकटा कशाला केला.”

अंगावर काटा आला, पण पहिल्यांदा भीतीनं नव्हे. पकडली गेले म्हणून. वाटलं, संघीला कळलं आहे आणि ती माझी चेष्टा करते. दिवसभर तिच्या तोंडाकडं बघितलं. शेवटी विचारलं, माझ्या टेंभुर्णीत तू काही लिहितेस का. म्हणाली, मी उघडलं पण नाही, आजी.

खलबत्त्याचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्या वहीत आहे, आणि वही माझ्या उशाखाली असते.

१९ फेब्रुवारी

नवी ओळ. “अनसूयाला तांब्याची गोष्ट सांगितली. आजवर कुणाला सांगितली नव्हती. तिनं पण तिची एक सांगितली.”

अनसूयाची गोष्ट काय ते लिहिलेलं नाही. मला जाणून घ्यावंसं वाटतं. मला कोण सांगणार आता.

कोण लिहितं हे. बोलणं माझं आहे. फक्त ती बाई माझ्यापेक्षा बरी आहे.

२१ फेब्रुवारी

एक लिहून ठेवते, मग कुणी वेडी म्हणलं तर म्हणू दे.

चटणीच्या तीन बरण्या पुण्याला गेल्या, आम्हाला एक ठेवली. रोज दोन वेळा खातो. बरणी भरलेली आहे. गळ्यापर्यंत, चौदा तारखेला भरली होती तशीच. चमचा घातला की खड्डा पडतो. परत झाकण काढलं की खड्डा नाही.

सोलापूरचं ऊन, आणि दूध बाहेर राहिलं तरी नासत नाही. मेथीची अर्धी जुडी पंधरा तारखेपासून परातीत आहे. हिरवीगार. मी तिच्याकडं बघायचं टाळते.

टेंभुर्णीत लिहिलं आहे, चटणी संपली, अर्धी अनसूया घरी घेऊन गेली, तिच्या नातीला आवडली.

२२ फेब्रुवारी

पाणी आलं नाही. आम्ही ठरल्या दिवशी पिंप मांडून बसलो, म्हणजे मी बसले, संघी पडद्यासमोरून उठली नाही. पाणी आलं नाही आणि पिंपातलं संपलं पण नाही. गल्लीत कुणी ओरडलं नाही. सोलापुरात पाणी आलं नाही आणि कुणी ओरडलं नाही.

माग चालू आहेत. पण आज ध्यान देऊन ऐकलं. खट खट खट, मग एक जरा हुकतं, मग खट खट. तेच हुकणं परत परत येतं, तितक्याच अंतरानं. अनसूयाचा मेलेला विणकर आठवला. स्वतःला दोन शिव्या घातल्या.

प्रदीपला फोन लावला. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, संघीला म्हणावं फोन कर. मी म्हणलं, प्रदीप, मला न्यायला ये. तो म्हणाला, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का.

मी भ्याले. मी, शालन. लिंबू आणून त्या डब्यावर ओवाळावं असं मनात आलं. आलं ते आलं. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून ते मनात आलं. नाही ओवाळलं. पण कारण माझा विचार नव्हे, घरात लिंबू नव्हतं.

२३ फेब्रुवारी

टेंभुर्णीत मोठं लिहून आलं आहे. जसंच्या तसं उतरवून घेते.

“संघीचं काम झालं. कॉलेजवाल्यांनी बघितलं, नोकरी कायम. पेढे. प्रदीप उद्या येणार. संघी म्हणाली, आता चौदा तारखेचा फोटो पुसून टाकू, उगाच जागा खातो. मी विचारलं, कुठला गं फोटो. म्हणाली, तुला विचारायच्या आधी काढून ठेवला होता तो. म्हणलं, त्यात कोण असतं? हसली. त्यात कोण असणार आजी, ते थांबलेलं असतं, त्याला काही कळत नाही.”

वाचलं, परत वाचलं. माझं शिक्षण कमी असेल, डोकं कमी नाही.

तिनं फोटो काढला. मग मला विचारलं. तितून दोन वाटा फुटल्या. जी शालन खरं बोलली ती पुढं गेली. तिच्याकडं पाणी येतं, चटणी संपते, अनसूया हसते.

मी फोटोतली आहे.

हितली संघी पडद्याकडं तोंड करून बसली आहे. किती वेळ झाला, तिची पापणी हलली का ते मी बघितलं नाही. बघायला जात नाही.

२४ फेब्रुवारी

ठरवलं, आधी अनसूया. तिच्या दारात जाऊन तिला सांगायचं, मग काय पुसायचं ते पुसू देत.

चप्पल घातली, चौकापर्यंत गेले. पुढं कुटं जायचं? मला तिचं घर माहीत नाही. रोज माझा केर काढणारी बाई, आणि मी कधी विचारलं नाही कुटं राहतेस, घरी कोण आहे. तिला नात आहे हे मी पडद्यावर वाचलं.

ज्या गल्लीकडं ती वळायची त्या गल्लीत शिरले. दोन घरं. एक पाण्याची टाकी. त्याच्या पुढं —

अंधार नव्हता. भिंत नव्हती. मी कधी बघितलं नव्हतं, म्हणून तितं काहीच नव्हतं. भर दुपार, ऊन, आणि ऊन जिथं पडावं ती जागाच नाही. उन्हाला सावली नव्हती, मला पण नव्हती.

परत आले. कुणी दिसलं नाही. कुणी दिसलं असतं तरी काय सांगितलं असतं.

आज टेंभुर्णीत एकच ओळ. “प्रदीप आला. सगळे बसलो होतो, आणि मला उगाच लाज वाटली. कशाची ते कळेना.”

मला कळतं बाई कशाची.

२५ फेब्रुवारी

संघी बोलली!

खुर्ची फिरवली, माझ्याकडं बघितलं. पांढरी, त्या दिवशीसारखी. आणि त्याच आवाजात विचारलं, हितली पिन कुणी काढली होती का. मला आनंद झाला. परत विचारलं, म्हणजे परत सांगता येईल. मी तोंड उघडलं —

“अनसूया झाडत होती तितं.”

मी नाही म्हणलं ते. तोंड म्हणालं. मी आतून दात दाबत होते तरी म्हणालं.

खुर्ची परत फिरली.

खलबत्ता समोर आहे. खरकटा. मी तो घासून ठेवला होता. दोनदा घासला होता.

त्याच दिवशी, नंतर

परत विचारलं. परत तेच.

परत.

हितली अनसूया कधीच हसायची नाही आता. माझ्याच्यानं हे तोंड —

टेंभुर्णीत टाईप करावं वाटलं, पुसू नका, मी हितं आहे. बोट ठेवलं, उचललं. काय तोंडानं सांगू. त्यांच्याकडं पेढे आहेत, प्रदीप आहे. अनसूया कामाला येते. त्यांनी माझ्यासाठी का थांबावं. खोटं बोललेल्या बाईसाठी जागा कशाला अडवायची, आणि तरी —

तरी मला पुसायचं नाहीये.

लिहायला लाज वाटते. पण खरं आहे.

२६

पडद्यावर डाव्या अंगाला नावांची ओळ आहे. टेंभुर्णी, चालू. सगळ्यात खाली एक, आधी कधी दिसलं नव्हतं. “१४ फेब्रु. आहे तसं.” त्याच्या खाली लिहिलं आहे, थांबवलेलं.

टेंभुर्णीत नवी ओळ उमटते आहे, माझ्या डोळ्यांदेखत, एकेक अक्षर. ती पण एका बोटानंच लिहिते.

“संघी पुसायला बसली आहे. मी शेजारी बसून बघते —”

मागचे माग

मागचे माग थांबले. मध्येच. हात वर गेला आणि खाली आला नाही तसे.

मेथी अजून हिरवी. बरणी —

संघी वळायला लागली. हळू. खुर्ची अर्धी फिरली आहे. ती विचारणार. तोंड तेच म्हणणार, मला माहीत आहे. पण हात माझा आहे. हात अजून माझा आहे. तोंडाला जमत नाही तर लिहून दाखवते. वही तिच्यासमोर धरते. एवढं एकदा, ह्या घरात, खरं —

वळली.

विचारलं.

संघे, हे वाच. अनसूया न्हाय. पिन मी का